पुकाळ्यांचा पक्का लाल

"यंदाचा चषक दाजीबानपेठेबाहेर जाणार नाही, आणि दाजीबानपेठेत तो माझ्या दुकानाच्या फळीशिवाय दुसरीकडं बसणार नाही!" नागोजीराव पुकाळ्यांनी भर पेठेत हातातला कापड मोजायचा गज उंच धरून असं जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या परसातल्या टोमॅटोंना अजून फूलसुद्धा आलेलं नव्हतं!

एवढी घमेंड कशावर, ते सांगायला हवं. पुकाळे मूळचे रंगारी. मिरजेकडून हुबळीला आले तेव्हा बरोबर तांब्याची एक अवाढव्य कढई आणि डोक्यात एक लाल रंग, एवढीच काय ती इस्टेट. नागोजीरावांच्या वडिलांनी रंगवलेलं लुगडं विरायचं, फाटायचं, त्याची गोधडी व्हायची, गोधडीचं पायपुसणं व्हायचं, पण लाल तो लालच! "पुकाळ्यांचा पक्का लाल" असं अख्खी पेठ म्हणायची. मग जर्मनीहून डब्यातला रंग आला, पाठोपाठ गिरणीचं कापड आलं, आणि कढई थंड झाली. वडील गेले. नागोजीराव दुसऱ्यांनी रंगवलेली लुगडी विकू लागले. पोटाला कमी नव्हतं. पण एखादी बाई पदर चोळून "रंग जाणार नाही ना हो, अण्णा?" असं विचारायची आणि हे लुगड्याची घडी घालू लागायचे. तोंडानं "छे छे!" म्हणायचे, पण वडील म्हणायचे तसं छाती ठोकून म्हणता यायचं नाही.

अशात सदतीस सालच्या हिवाळ्यात बातमी आली, की उद्यान मंडळ रथसप्तमीला शाळेच्या मैदानात भाजीपाल्याचं प्रदर्शन भरवणार आहे. आणि घरच्या परसात पिकवलेल्या सगळ्यात लालभडक टोमॅटोंना चांदीचा चषक! लाल म्हटल्यावर नागोजीरावांच्या अंगात वारं शिरलं. लाल काढायचा आणि तो पुकाळ्यांनी नाही, तर मग कोणी?

घरात पहिला अडथळा आला तो मातोश्रींचा. लक्ष्मीबाई गळ्यात तुळशीची माळ घालायच्या. टोमॅटो तेव्हा आमच्याकडं नवा. हिरवा असेपर्यंत त्यांची हरकत नव्हती, कारण हिरव्याची चटणी त्यांना आवडायची. पण लाल?

"मेलं कापलं की मांसासारखं दिसतंय!" त्या म्हणाल्या. "नागू, लाल झालेलं एक फळ माझ्या चुलीपाशी आलं तर मी जेवणार नाही. सांगून ठेवते!"

"आई, खायचं कुठाय? प्रदर्शनात मांडायचंय की!"

"मांड नाहीतर डोक्यावर घे. माझ्या तुळशीपुढं लाल दिसायला नको."

नागोजीरावांनी मान हलवली आणि रोपं लावली. तुळशीच्या मागंच लावली, कारण ऊन तिथंच होतं. पाच-सात मरतुकडी रोपं उरली, ती भिंतीवरून शेजारी देऊन टाकली. हा उदारपणा त्यांना पुढं फार महाग पडला.

भिंतीपलीकडं वादिराज मास्तर राहायचे. कन्नड शाळेतून निवृत्त झालेले, गुडघ्यांनी अधू, आणि जगातल्या कुठल्याही विषयावर धडा द्यायला सदैव तयार. त्यांची बायको विमलाक्का आणि नागोजीरावांच्या सरस्वतीबाई यांचं मेतकूट जमलेलं होतं. भिंतीवरून एक पितळी वाटी सारखी जा-ये करायची. कधी हुग्गी, कधी शेंगाचटणी, आणि अलीकडं एक आंबटगोड सार. ते सार तर असं की नागोजीराव वाटी तोंडाला लावून प्यायचे आणि लक्ष्मीबाई बोट फिरवून वाटी चाटायच्या! "आमसूल कुठलं आणतात की विमलाबाई!" म्हणायच्या.

संक्रांत झाली. नागोजीरावांच्या झाडांना फळं लागली, मुठीएवढी झाली, आणि तिथंच थांबली. हिरवी ती हिरवीच! रोज दुकानातून दुपारी जेवायला आले की ते आधी परसात जायचे, पानं वर करून बघायचे आणि तोंड पाडून पाटावर बसायचे.

आणि एके दिवशी वाढता वाढता सरस्वतीबाई म्हणाल्या, "विमलाक्कांच्या कट्ट्यावर बघितलं काय? टोपलीभर टोमॅटो ठेवलेत. काय लाल हो! मामंजींच्या लालाची आठवण झाली बघा!"

नागोजीरावांनी घास परत ताटात टाकला. मामंजींचा लाल! तो त्या मास्तराकडं! त्याही आपण भीक घातल्यासारख्या दिलेल्या रोपांवर! बायकोनं दुसऱ्याच्या रूपाची तारीफ केली असती तरी त्यांनी एक वेळ सोसलं असतं, पण लालाची? त्यांच्या छातीत असा जाळ उठला की पुढचा भात ताकाशिवायच गिळला गेला.

तसेच उठून ते गल्लीत गेले. खरंच! मास्तरांच्या कट्ट्यावर टोपली, टोपलीत टोमॅटो, आणि टोपलीशेजारी मास्तर, नुकतंच बारसं झालेल्या घरचे यजमान असल्यासारखे!

"बर्री, नागोजीराव, बर्री! या की! नोड्री, बघा, कसा रंग आलाय! भाळ छलो, फार छान!"

"बरे आहेत," नागोजीराव दातांतून बोलले.

"तुमचे अजून हिरवेच म्हणे? त्याचं काय आहे, तुम्ही झाडाला फार शेण घालता. झाड पानांतच रमतं. पोरगं खेळात रमलं की पुस्तक उघडत नाही, तसं! पाणी तोडा. आणि रोज सकाळी जरा त्याच्याशी बोला. मी खिडकीतून बोलतो!"

आता खरं सांगायचं तर मास्तरांचा सल्ला निम्मा बरोबर होता. पण मत्सरानं पेटलेल्या माणसाला शत्रूचा सल्ला म्हणजे विष. नागोजीराव घरी आले आणि त्यांनी झाडांना दुप्पट शेण आणि दुप्पट पाणी घातलं! त्या दिवसापासून दुकानाला जायची त्यांची वाटही बदलली. मास्तरांचा कट्टा दिसू नये म्हणून ते कमरीपेठेवरून वळसा घालून जाऊ लागले.

मग त्यांनी स्वतःचं डोकं चालवलं. रंग का चढत नाही? पाया नाही म्हणून! कापडाला आधी हिरडा, मग तुरटी, तेव्हा कुठं लाल धरतो. टोमॅटो म्हणजे तरी काय? न रंगवलेलं कापडच! त्यांनी हिरडा कुटला, तुरटी विरघळवली आणि घागरभर पाणी मुळांना पाजलं.

"अहो, काय करायलाय हे?" सरस्वतीबाईंनी विचारलं.

"पाया घालतोय."

"झाडाला?"

"रंगाला! तुला नाही कळायचं. सात पिढ्यांचं ज्ञान आहे हे!"

दोन दिवसांत पानं अशी आक्रसली की झाडांना पडसं झालंय असं वाटावं. फळं हिरवीच!

मग त्यांनी तुकारामला गाठलं. तुकारामची केळ्यांची वखार होती, आणि पिकवणं हा आपला हातखंडा आहे असं तो स्वतःच सांगायचा. "अण्णा, धुरी द्या!" तो म्हणाला. "माझी हिरवी केळी धुराच्या खोलीत घातली की पिवळीधम्मक होत्यात. तुमच्या फळाला ऊब कमी पडतीया."

"पण माझी फळं झाडावर आहेत."

"मग झाडालाच द्या की धुरी!"

नागोजीरावांनी झाडांभोवती गोणपाटांचा आडोसा उभारला, मध्ये मडक्यात गोवऱ्या पेटवल्या, वर ओला पाला टाकला आणि पंख्यानं वारा घालू लागले. धूर आडोशात कशाला राहतोय! तो आधी देवघरात शिरला. लक्ष्मीबाईंनी शिंकांची माळ लावली. तिथून तो भिंत ओलांडून मास्तरांच्या खिडकीत गेला. मास्तर नुकतेच टोमॅटोंशी बोलायला खिडकीत आले होते.

"बेंकी! बेंकी! आग लागली!" मास्तर ओरडले. "नागोजीराव, घाबरू नका, आलोच!"

आणि जो माणूस गुडघ्यांमुळं परसाची पायरी वर्षभरात उतरला नव्हता, तो धुरात चाचपडत स्टुलावर चढून भिंतीवरून बादल्या रिकाम्या करू लागला! विमलाक्का भरून देत होत्या, मास्तर ओतत होते. पहिली बादली मडक्यावर पडली, दुसरी झाडांवर, आणि तिसरी पंख्यासकट नागोजीरावांवर.

"वाचलात बघा!" मास्तर धापा टाकत म्हणाले. "शेजारधर्म म्हणतात तो हाच!"

नखशिखांत भिजलेल्या नागोजीरावांना आभार मानावे लागले. मनातल्या मनात त्यांनी काय म्हटलं ते इथं लिहिता येणार नाही.

एवढं झाल्यावर त्यांना एक नवीच गोष्ट दिसली. मोठी फळं पिकत नव्हतीच, उलट नाहीशी होत होती! काल बघून ठेवलेलं थोराड फळ आज जागेवर नसायचं.

"सरस्वती, ते कोपऱ्यातलं मोठं फळ कुठं गेलं?"

"गेलं की," सरस्वतीबाई तांदूळ निवडत म्हणाल्या.

"गळलं?"

"आता झाडावर नाही म्हणजे नाहीच की हो."

"पिकायच्या आतच कसं जातंय?"

"तसंच व्हायलंय खरं," त्या म्हणाल्या आणि सूप घेऊन आत गेल्या.

नागोजीरावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शेण नाही, पाणी नाही, ऊब नाही. नजर! त्या मास्तराची नजर! स्वतःचे लाल झाले तरी त्याला माझे बघवत नाहीत! किती जळावं माणसानं एखाद्यावर! नागोजीरावांना त्याची अगदी मनापासून किळस आली.

नजरेवर उपाय म्हणजे गालबोट. पण काजळ दवानं पुसलं जाणार. तेव्हा रंगाऱ्याच्या बच्च्यानं बिब्बा काढला. कापडाच्या ठाणावर खूण करायला ते तोच वापरायचे. बिब्ब्याचा डाग कुठल्याही धोब्याला निघालेला नाही. काट्याचं टोक बिब्ब्यात बुडवून त्यांनी प्रत्येक मोठ्या फळाला देठाजवळ, डाव्या अंगाला, एक टपोरा काळा ठिपका दिला. ठिपके देताना ते पुटपुटत होते, "बघ आता, बघ! लाव नजर!"

रथसप्तमी जवळ आली. आणि ठिपकेवालेही एकेक करून गेले! मागं उरली ती बारकी, हिरवीगार, कठीण फळं. मास्तरांची नजर बिब्ब्यालाही पुरून उरली होती!

आता काय? माघार घ्यावी? पेठेत गज उंच धरून केलेली घोषणा सगळ्यांना तोंडपाठ होती. रोज कोणी ना कोणी दुकानाच्या पायरीवरून विचारायचं, "अण्णा, फळीवर जागा केली काय चषकाला?" चषक गेला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण मास्तर चषक घेणार, आणि अख्खी पेठ म्हणणार, लाल म्हणजे वादिराज मास्तरांचा! वडिलांचं नाव त्यांच्याच गल्लीतून पुसलं जाणार. नागोजीरावांना ते खरोखर सहन होईना. हिरव्या टोमॅटोंकडं बघून त्यांचे डोळे भरून आले.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी विमलाक्कांकडं हळदीकुंकू होतं. सासू-सुना दोघी तिकडं गेल्या. घर रिकामं. नागोजीरावांनी माळ्यावरून तांब्याची कढई उतरवली. त्यांनी टोमॅटो रिठ्याच्या पाण्यात घासले, हिरड्यात बुडवले, तुरटीत खंगाळले. सगळं वडिलांसारखं. फक्त लाल ज्यातून निघायचा ती झाडाची मुळं आता बाजारात मिळत नव्हती, तेव्हा मन घट्ट करून त्यांनी दुकानातला जर्मन डबा फोडला. ज्या डब्यानं घराण्याची कढई थंड केली, तोच डबा त्यांना त्या कढईत ओतावा लागला. पण कानांत सरस्वतीबाईंचं "काय लाल हो!" वाजत होतं. त्यांनी डोळे मिटून फळं सोडली!

रंग चढला! काय चढला! कुंकवाच्या करंड्यात लोळून आल्यासारखे टोमॅटो! कोपरापर्यंत हातही तसेच!

दुसऱ्या दिवशी नागोजीराव हातांत पांढरे मोजे घालून मैदानावर गेले.

"मोजे कशाला हो, अण्णा?" तुकारामनं विचारलं.

"नाजूक फळ आहे. हाताची उष्णता लागते."

मंडपात नेमकी वादिराज मास्तरांची टोपली शेजारी. नागोजीरावांनी तिकडं बघायचंच नाही असं ठरवलं होतं. त्यांचे स्वतःचे टोमॅटो बघायला मात्र झुंबड उडाली. लोक बोटं तोंडात घालत होते. "पुकाळ्यांनी केलं बघा!" असं कोणीतरी म्हणालं आणि नागोजीरावांची छाती कोटाच्या गुंड्या तोडायला निघाली.

परीक्षक होते शेतकी खात्यातून निवृत्त झालेले भीमराव साहेब. नाकावर चष्मा, हातात पांढराशुभ्र रुमाल. ते नागोजीरावांच्या टोपलीपाशी थबकले.

"अप्रतिम! पण पुकाळे, देठसुद्धा लाल?"

"पक्का लाल, साहेब. देठापर्यंत जातो!"

"हं," साहेब म्हणाले आणि शेजारच्या टोपलीकडं वळले. "मास्तर, तुमचे रसरशीत आहेत. पण हे काळे ठिपके कसले? रोग आहे काय?"

"रोग कसला, साहेब!" मास्तर हसले. ठिपके त्यांनीही त्याच दिवशी सकाळी पहिल्यांदा बघितले होते, पण मास्तर निरुत्तर झालेत असं कधी घडलेलं नाही. "ही जातच तिळाची! उत्तम प्रतीच्या टोमॅटोला गालावर तीळ असतोच."

साहेबांनी मान हलवली. "ठिपका म्हणजे दोषच मानावा लागेल. मग तसं बघितलं तर..." आणि त्यांचा हात चषकासकट हळूहळू नागोजीरावांच्या बाजूला येऊ लागला.

मंडळी, इथं नुसतं गप्प उभं राहायचं होतं! पण "ठिपके" म्हटल्यावर नागोजीरावांची मान वळली. देठाजवळ, डाव्या अंगाला, टपोरा काळा ठिपका. एकावर, दुसऱ्यावर, सगळ्यांवर! समोरचा चषक दिसेनासा झाला आणि डोळ्यांपुढं फक्त मास्तर उरले.

"चोर!" नागोजीराव गरजले. "साहेब, हा चोर आहे! हे टोमॅटो माझे आहेत!"

मास्तरांचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला.

"तुमचे?" साहेबांनी चष्मा वर केला. "आणि मग हे कोणाचे?"

"हेही माझेच!"

"पुरावा काय?"

"बिब्बा! स्वतःच्या हातानं लावलाय! पुसून बघा, जन्मात निघणार नाही!"

साहेबांनी रुमालाचं टोक ओलं केलं आणि ठिपकेवाला टोमॅटो खसाखसा घासला. ठिपका जिथल्या तिथं. टोमॅटोचा लालही जिथल्या तिथं. रुमाल पांढराच्या पांढरा.

"खरंय," साहेब म्हणाले. आणि काय मनात आलं कोण जाणे, त्याच रुमालानं त्यांनी नागोजीरावांचा एक टोमॅटो घासला.

रुमाल लाल झाला. साहेबांची बोटं लाल झाली. टोमॅटो हिरवा झाला!

हशा असा उसळला की मंडपाचे बांबू हलले. कोणीतरी मागून नागोजीरावांचे मोजे ओढले, तर आत कोपरापर्यंत रंगपंचमी!

"ते राहू द्या!" नागोजीराव रडकुंडीला येऊन ओरडले. "आधी चोरीचं बघा! माझे टोमॅटो याच्याकडं कसे गेले?"

"मी दिले," बायकांच्या बाजूनं आवाज आला.

सरस्वतीबाई पदर सावरत पुढं आल्या. "मास्तरांना काय बोलू नका. फळाला जरा लाली दिसली की ते तुळशीपासून हलव, असं सासूबाईंचं सांगणं. टाकून कसं देऊ हो, इतकं चांगलं फळ? विमलाक्कांची वाटी रोज यायची. रिकामी वाटी कोणाच्या घरी परत पाठवतात काय? रोज भल्या सकाळी लाली धरलेलं फळ तोडायची आणि वाटीत घालून द्यायची."

"आणि मी तांदळाच्या पिंपात दडवून लाल करायची," विमलाक्का मागून हळूच म्हणाल्या. "आमची रोपं तर केव्हाच मेली."

"मेली?" आता मास्तर किंचाळले. "मग मी रोज खिडकीतून बोलतोय ते कोणाशी?"

"घेवड्याशी. तुम्ही इतकं आनंदानं बोलत होता, म्हटलं कशाला सांगा!"

नागोजीरावांनी लाल हात कपाळाला लावला. म्हणजे झाडं बरी होती! पाया नको होता, धुरी नको होती, बिब्बा नको होता. रोज पहाटे त्यांचा टोमॅटो न चुकता लाल व्हायला लागत होता, आणि रोज दुपारी ते त्याच्याच नावानं जळत होते. बाकी सगळे रोग त्यांच्या डोक्यात होते.

"पण मला सांगायचंस की, सरस्वती!"

"तुम्ही 'तुला नाही कळायचं' म्हणालात!"

भीमराव साहेबांनी लाल बोटं लाल रुमालाला पुसत निकाल दिला. पुकाळ्यांचे रंगवलेले म्हणून बाद, मास्तरांचे स्वतःच्या परसातले नव्हेत म्हणून बाद. चषक आणलाच होता, परत कुठं न्यायचा, म्हणून तो कमरीपेठेच्या सखूबाईंना दिला, मुळ्यांबद्दल. पांढऱ्या मुळ्यांबद्दल!

परतताना दोघे शेजारी एकाच टांग्यात बसले. कारण दुसरा टांगाच मिळाला नाही.

"मास्तर, चोर म्हणालो. चुकलो," नागोजीराव शेवटी म्हणाले.

"बिडरी, सोडा हो," मास्तर खिन्नपणे म्हणाले. "पण चषक माझ्याकडं आला असता तर तुम्हाला जरा वाईट वाटलं असतं, नाही?"

"जरा?" नागोजीराव म्हणाले. "आणि मास्तर, मुळा तरी काही खास होता काय?"

"छे! बोटाएवढे मुळे!" मास्तर एकदम ताजेतवाने झाले. "त्या बाईला माती कळत नाही!" आणि घर येईपर्यंत दोघांनी मिळून सखूबाईंच्या मुळ्यांना नावं ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीवरून वाटी आली. सार! काल बाद झालेल्या ठिपकेवाल्यांचं. सरस्वतीबाईंनी नवऱ्याकडं बघितलं, नवऱ्यानं सरस्वतीबाईंकडं. हे सार कशाचं, ते नागोजीरावांना आत्ता कुठं उमगलं होतं. लक्ष्मीबाईंना अजूनही उमगलेलं नव्हतं.

"रंग बघ रे, नागू!" त्या वाटी उजेडात धरून म्हणाल्या. "तुझ्या बापाच्या कढईत असा लाल दिसायचा. त्यांच्यामागं आजच बघते. काय हात आहे त्या विमलाबाईंचा!"

नागोजीराव बोलायला गेले. तोंड उघडलं. सरस्वतीबाईंनी भुवई उचलली. सांगावं, तर आईचं जेवण बंद. न सांगावं, तर लाल विमलाबाईंचा! त्यांनी आईच्या हातातली वाटी अशी घाईनं ओढली की तिच्यातलं सार त्यांच्या पांढऱ्या धोतरावर सांडलं, अगदी मांडीवर, चांगलं तळहाताएवढं!

सरस्वतीबाईंनी धावत पाणी आणलं, रिठा आणला, चोळ चोळ चोळलं.

"नाही हो निघत," त्या म्हणाल्या. आणि मग हळूच, सासूबाईंना ऐकू जाणार नाही अशा बेतानं, "पक्का आहे."

नागोजीरावांचे डोळे चमकले. धोतर बदलायला ते तयार होईनात! तसेच उठले. आणि त्या दिवशी कमरीपेठेचा वळसा न घेता, सरळ मास्तरांच्या कट्ट्यावरून, छाती काढून दुकानात गेले. फळीवर मांडी घालून बसले, डाग बरोबर गिऱ्हाइकाकडं येईल असा.

पहिलं गिऱ्हाईक तुकाराम. तो बराच वेळ डागाकडं बघत राहिला. नागोजीराव वाट बघत राहिले. आता म्हणेल! वडिलांच्या वेळी म्हणायचे तसं म्हणेल!

"अण्णा," तुकाराम म्हणाला, "जेवताना जरा टॉवेल घेत जावा की मांडीवर."